शेळीचं दूध, तेल आणि गायीचा नियम

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: शेळीच्या आंबोणात, म्हणजे पेंड-भरड्याच्या खुराकात, तेल घालावं का, आणि घातलं तर दुधाच्या फॅटचं काय होतं? एरवी एका अंकात मी चार वेगवेगळ्या विषयांचे प्रश्न घेते. या वेळी हा एकच घेते. गायीबद्दल ऐकलेलं सगळं आपण शेळीला लावत सुटलो आहोत, हे ही पत्रं वाचताना फार जाणवलं. मी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आणि निवृत्तीनंतर जुन्नर तालुक्यात स्वतःच्या नऊ शेळ्या सांभाळते आहे. दवाखान्यात असताना मीसुद्धा हीच चूक करत होते.

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. माझ्याकडे १४ संगमनेरी आणि ४ सानेन संकरित शेळ्या आहेत. सध्या १२ दुधात आहेत. दूध पुण्यात चीज बनवणाऱ्या एका गृहस्थांना देतो. ते फॅटवर दर ठरवतात. उन्हाळ्यापासून माझी फॅट ३.३ च्या वर जात नाही. खाद्याच्या दुकानदारानं आंबोणात करडईचं तेल घालायला सांगितलं. पण माझ्या चुलतभावाचा गायींचा गोठा आहे. तो म्हणतो, ‘तेल घातलंस की फॅट पडलीच म्हणून समज, माझ्या गायींचं तसंच झालं.’ मी कुणाचं ऐकू?
— एक शेळीपालक, अकोले तालुका

उत्तर : दादा, तुमचा चुलतभाऊ सांगतो ते त्याच्या गोठ्यापुरतं खरं आहे. दुकानदाराचंही सगळं चूक नाही. दोघं दोन वेगळ्या जनावरांबद्दल बोलताहेत, घोळ तिथे आहे.

आधी गायीचं सांगते. गायीनं खाल्लेलं तेल जसंच्या तसं दुधात उतरत नाही. ते पहिल्यांदा कोटीपोटात, म्हणजे चारा जिथे आंबतो त्या मोठ्या पोटात, जातं. तिथले जिवाणू तेलातल्या असंतृप्त स्निग्धाम्लांना (तेल ज्यांनी बनतं त्या घटकांना) टप्प्याटप्प्यानं हायड्रोजन जोडत नेतात. शेवटी त्यांचं स्टिअरिक आम्ल होतं, म्हणजे पातळ तेलाची घट्ट चरबी होते. गायीला पोटभर कडबा, घास मिळत असेल तर ही वाट सरळ असते. मका-भरडा वाढला आणि चारा कमी पडला की कोटीपोटात आम्लता वाढते, जिवाणूंचा मेळ बदलतो आणि वाटेला फाटा फुटतो. त्या फाट्यावर लिनोलिक आम्लाचं एक वेगळं रूप तयार होतं. त्याचं नाव ‘ट्रान्स-१०, सिस-१२’. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण हे रूप रक्तातून कासेत पोचलं की कास फॅट बनवण्याचं काम आवरतं घेते. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी गायींच्या चौथ्या पोटात हे रूप थेट सोडून पाहिलं. दिवसाला फक्त १० ग्रॅम, तेही चारच दिवस. दुधाची फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त खाली आली. दहा ग्रॅम म्हणजे किती, हे घरातल्या चमच्यानं मोजून पाहा, म्हणजे चुलतभावाच्या गोठ्यात काय झालं असेल ते कळेल. आहार बदलला की गायीची फॅट कोसळते ही नोंद तर फार जुनी आहे. फ्रान्समधल्या बूसँगो नावाच्या शास्त्रज्ञानं ती १८४५ मध्ये केली होती. कारण सापडायला दीडशे वर्षं लागली.

आता शेळी. गंमत अशी की शेळीचं कोडंही फ्रान्समध्येच सुटत गेलं, कारण तिथे शेळीच्या दुधावर चीजचा मोठा धंदा उभा आहे. तुमच्यासारखीच अडचण तिथल्या शेळीपालकांची होती. दूध भरात असताना आल्पाइन आणि सानेन शेळ्यांची फॅट इतकी उतरायची, की फॅटचा आकडा प्रथिनांच्या आकड्याखाली जायचा. तिकडे याला आकड्यांची उलटापालट म्हणतात. असं दूध चीजला चांगलं नसतं. मध्य फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ शहराजवळ तेक्स इथे त्यांच्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. तिथे ईव्ह शिलियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांना सूर्यफूल, जवस अशी तेलं आणि तेलबिया वर्षानुवर्षं खाऊ घालून दूध तपासलं. त्यांना पुन्हा पुन्हा एकच दिसलं. तेल दिल्यावर शेळीची फॅट घटत नाही, बहुतेक वेळा वाढते. २००३ मध्ये त्यांनी हे सगळं एकत्र मांडलं. पुढे गायी आणि शेळ्या एकाच वेळी, एकाच पद्धतीच्या आहारावर ठेवूनही पाहिलं गेलं. मक्याचं तेल आणि भरपूर स्टार्च असा गायीची फॅट हमखास पाडणारा आहार दोघींना दिला. गायींची फॅट पडली. शेळ्यांची पडली नाही.

असं का? शेळीच्या कोटीपोटात ते ‘ट्रान्स-१०’चं रूप कमी बनतं. आणि जे बनतं, त्याला शेळीची कास गायीच्या कासेइतकी घाबरत नाही. लागूच पडत नाही असं मी म्हणणार नाही. मात्रा मोठी असेल तर शेळीचीही फॅट उतरते. समुद्री शेवाळाची भुकटी दिल्यावर तर शेळीचीही उतरलेली दिसली. पण आपल्या घाण्याच्या तेलाच्या साध्या मात्रेनं ते होत नाही.

फॅट वाढते कुठून, तेही समजून घ्या. दुधातली जवळपास निम्मी फॅट कास स्वतः बनवते. चारा कोटीपोटात आंबून जे अॅसिटिक आम्ल तयार होतं, ते तिचा कच्चा माल. उरलेली तयार फॅट ती रक्तातून उचलते. तेल दिलं की रक्तातून येणारा वाटा वाढतो. गायीत तो वाढताना कासेचं स्वतःचं काम जास्त बसतं, म्हणून बेरीज घटते. शेळीत कासेचं काम थोडंच कमी होतं, म्हणून बेरीज वाढते. गायीला तेल दिल्यावर दुधातली प्रथिनंही घसरतात. शेळीत ती बहुधा जागेवर राहतात. तुमच्या चीजवाल्यांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

एवढं वाचून लगेच डबा उचलू नका. तेलाआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, नमुना. मला सल्ला विचारायला येणाऱ्यांत निम्म्या वेळा फॅट कमी नसते, नमुना चुकलेला असतो. सडातून पहिल्यांदा येणारं दूध पातळ असतं, शेवटच्या धारांत फॅट जास्त. करडासाठी शेवटचं दूध सोडून आधीचंच डेअरीला गेलं, तर ३.३ येणारच. सगळं दूध काढून घ्या, एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओता आणि मग नमुना भरा. सकाळ-संध्याकाळचं वेगळं मोजा. दोन्ही दुधांचे आकडे सारखे येत नाहीत. संकलन केंद्रातल्या यंत्रावर गाय आणि म्हैस अशीच सोय असेल, तर तिथला आकडा धरून चालू नका. महिन्यातून एकदा तरी गर्बर पद्धतीनं तपासून घ्या: १० मिलि गंधकाम्ल, १०.७५ मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल, आणि मग फिरकी. पद्धत जुनी आहे, पण तिच्यावर माझा विश्वास आहे.

दुसरी, चारा. उन्हाळ्यापासून फॅट पडली असं तुम्ही लिहिलंय. उन्हाळ्यात रानात पाला राहत नाही, आणि आपण तो खड्डा मक्याच्या भरड्यानं भरायला जातो. कासेचा कच्चा माल चाऱ्यातून येतो हे वर लिहिलंच आहे. तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं भुसकट, कडबाकुट्टी, थोडी शेवरी किंवा दशरथ घास, बाभळीच्या शेंगा, जे मिळेल ते गव्हाणीत दिवसभर असलं पाहिजे. शेळ्या दुपारी बसून रवंथ करताना दिसायला हव्यात. त्या दिसत नसतील तर तेलाचा विचार नको.

आता मात्रा. तुमची ३५ किलोची, दीड लिटर दूध देणारी संगमनेरी दिवसाला साधारण दीड किलो कोरडा आहार खाते, म्हणजे ओलावा वगळून. त्यात तेलाचा अंश मुळातच तीनेक टक्के असतो, म्हणजे ४५ ग्रॅम. एकूण तेल सहा टक्क्यांच्या पुढे गेलं की चारा पचवणारे जिवाणू दमतात. असंतृप्त तेल त्यांना सोसत नाही. सहा टक्के म्हणजे ९० ग्रॅम. वरून घालायला ४५ ग्रॅमच उरतात. मी ३०-३५ च्या पुढे जात नाही. फ्रान्समध्ये दिवसाला शंभराच्या पुढेही दिलं गेलं, पण त्या शेळ्या आपल्या दीडपट खाणाऱ्या आणि दुपटीहून जास्त दूध देणाऱ्या होत्या.

पहिले तीन दिवस १० ग्रॅम, मग हळूहळू वाढवत बाराव्या दिवशी पूर्ण मात्रा. तेल कधी पाजायचं नाही. कोंड्यात किंवा भरड्यात चोळून द्यायचं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे शेंगदाणा तेल जास्त होतं, म्हणून मी तांबडी नावाच्या शेळीला एकदम ८० ग्रॅम सुरू केलं. तिसऱ्या दिवशी तिच्या लेंड्या सुट्या पडेनात, गोळा पडू लागला. कडबाकुट्टी गव्हाणीत तशीच राहिली. तेल बंद करून नुसत्या सुक्या चाऱ्यावर ठेवल्यावर आठवड्यानं ती रुळावर आली. एवढी वर्षं दुसऱ्यांची जनावरं तपासून मी स्वतःच्या शेळीला हे केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून मात्रेबद्दल इतकं लिहिते आहे.

तेलाबरोबर खनिज मिश्रण चुकवू नका. स्निग्धाम्लं आतड्यात कॅल्शियमला धरून साबणासारखी होतात आणि कॅल्शियम वाया जातं.

शेवटी पैसे. हा हिशेब दुकानदार सांगणार नाही. १२ शेळ्यांना ३५ ग्रॅमप्रमाणे रोज ४२० ग्रॅम तेल, महिन्याला साडेबारा किलो. समजा प्रत्येकी सव्वा लिटर दूध आहे आणि फॅट ०.४ नं वाढली. रोजच्या १५ लिटरांत जास्तीची फॅट किती आली? साधारण ६० ग्रॅम. ४२० ग्रॅम तेल घालून ६० ग्रॅम फॅट. बाकीचं तेल शेळीच्या अंगी लागतं, दुधाला आणि अंगाला ताकद म्हणून खर्च होतं, ते फुकट नाही. पण करडईच्या तेलाचा आजचा भाव आणि तुमचा फॅटचा दर कागदावर शेजारी लिहून पाहा. तेल भरड्यावर वरून घालण्याऐवजी भरड्याच्या जागी घाला: ३५ ग्रॅम तेलात सुमारे ८० ग्रॅम मक्याची ताकद असते, तेवढा मका कमी करा. म्हणजे खर्चही थोडा भरून निघतो आणि कोटीपोटावरचा स्टार्चचा भारही उतरतो. तरीही जमत नसेल, तर पुढच्या पत्राचं उत्तर वाचा.

माझ्या वहीत चांदणी नावाच्या शेळीची नोंद आहे. करडईचं तेल ३० ग्रॅम. सुरू करताना फॅट ३.४, चौथ्या आठवड्यात ३.९. त्याच काळात तिचं दूधही थोडं उतरत होतं, त्यामुळे सगळं श्रेय मी तेलाला देत नाही. तुम्हीही सहा शेळ्यांना द्या, सहांना देऊ नका, आणि महिनाभर लिहून ठेवा. तुमच्या वहीतला आकडा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचा आहे.

प्रश्न : ताई, आम्ही परभणीकडचे. शेळ्यांना तेल घालण्याइतके पैसे नाहीत. घरच्या सरकीची पेंड देतो. पेंडीत तेल असतंच ना? घाण्याची घ्यावी की कारखान्याची? आणि सासूबाई म्हणतात, सरकीनं तूप घट्ट होतं. खरं का?
— एक वाचक भगिनी, परभणी जिल्हा

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे पाहिलं ते अगदी बरोबर आहे, आणि त्याच्यामागे मोठी गोष्ट आहे.

सरकीच्या तेलात एक खास जातीची स्निग्धाम्लं असतात, इतर तेलांत बहुधा नसणारी. ती थोड्या प्रमाणात दुधात उतरतात. कास घट्ट चरबीतून मऊ, पातळ चरबी बनवत असते. ते काम ती आम्लं अडवतात. त्यामुळे दुधात घट्ट चरबीचा वाटा वाढतो आणि तूप रवाळ, टणक होतं. तेलाची भेसळ ओळखायला हाल्फेन नावाची चाचणी आहे, सरकीचं तेल असेल तर लाल रंग येतो. आता पाहा: कपाशीच्या पट्ट्यात सरकी खाणाऱ्या जनावरांचं शुद्ध तूपसुद्धा या चाचणीत रंग दाखवतं! कुणी भेसळ केलेली नसते, ती आम्लं दुधातूनच आलेली असतात. सरकीनं तुपाचे गुणच असे बदलतात, म्हणून अॅगमार्कनं कपाशी पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळ्या मर्यादा ठेवल्या. जनावर काय खातं ते दुधात कसं उतरतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते आपल्या मराठवाड्या-विदर्भाच्या दारातलं आहे.

आता पेंड. घाण्याच्या पेंडीत सात-आठ टक्के तेल राहतं. कारखान्यात रसायनानं तेल काढून घेतलेल्या पेंडीत, जिला आपण डीओसी म्हणतो, ते एखाद्या टक्क्यावर येतं. प्रथिनं डीओसीत जास्त, तेल घाण्याच्या पेंडीत जास्त. तुम्हाला फॅटसाठी हवी असेल तर घाण्याची. पण हिशेब करा: १५० ग्रॅम घाण्याच्या पेंडीतून अकरा-बारा ग्रॅम तेल मिळतं. १५० ग्रॅम अख्ख्या सरकीतून पंचवीसच्या वर, कारण सरकीत तेल १८-२० टक्के असतं. घरची सरकी असेल तर तीच भिजवून किंवा भरडून द्या. तेल बियांच्या आत बंद असल्यामुळे कोटीपोटात ते हळूहळू सुटतं, एकदम पसरत नाही. वरच्या अकोल्याच्या दादांनाही मी हेच सांगेन: डब्यातल्या तेलापेक्षा बियांतलं तेल स्वस्त आणि शेळीला सोसणारं.

दोन गोष्टींना मात्र ठाम नकार. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या शेळीचं कोटीपोट ते बरंचसं बांधून टाकतं, पण दुधावरच्या करडांचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं. त्यांच्या तोंडी सरकी किंवा सरकीची पेंड लागू देऊ नका. पैदाशीच्या बोकडालाही नको, वीर्यावर परिणाम होतो. आणि पेंड बुरसलेली असेल, शेंगदाण्याची असो की सरकीची, ती उकिरड्यावर टाका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात येतं. कायद्यानं दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. दुधाला ना वास येतो ना चव, त्यामुळे पिणाऱ्या लेकराच्या आईला ते कधी कळणारही नाही. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

प्रश्न : शेळीच्या दुधाला येणारा उग्र वास तेल दिल्यानं कमी होतो असं ऐकलं. खरं आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काही अंशी खरं आहे, आणि मला स्वतःला हा विषय फार आवडतो.

कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक या तीन आम्लांची नावं लॅटिनमधल्या शेळीच्या नावावरूनच पडली. शेळीच्या फॅटमध्ये या तिघांचा वाटा गायीच्या साधारण दुप्पट असतो. ही लहान आम्लं कास स्वतः बनवते. तेल दिलं की रक्तातून मोठी आम्लं येतात आणि या लहानांचा वाटा घटतो. पण ही आम्लं फॅटमध्ये बांधलेली असतात तोवर वास येत नाही. दुधातलं लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांना मोकळं करतं तेव्हा येतो. तेल दिलेल्या शेळ्यांच्या दुधात या विकराचा जोर कमी झालेला आणि चवीतला उग्रपणा उतरलेला फ्रान्समध्ये दिसला.

तरी तेलावर खर्च करण्याआधी बोकड दुधाच्या शेळ्यांपासून लांब बांधा, निदान दूध काढायच्या वेळी. खरा बोकडवास ज्या आम्लाचा, ते नुसत्या नखभर प्रमाणातही नाकाला झोंबतं. दूध काढल्यावर लगेच गार पाण्यात ठेवा, आणि धसमुसळेपणानं ढवळू नका. फॅटचे कण फुटले की विकराला वाव मिळतो. दवाखान्यातल्या दिवसांत वासाची तक्रार आली की मी आधी बोकड कुठे बांधलाय ते पाहायची.

प्रश्न : विदर्भात जवस भरपूर. शेळ्यांना जवस घालून ‘ओमेगा-३ शेळीचे दूध’ म्हणून विकता येईल का? एका सल्लागारानं बाटलीवर छापायचं डिझाइनही करून दिलं आहे.
— एक तरुण उद्योजक, वर्धा

उत्तर : बाटली छापायला देऊ नका, निदान आत्ता तरी.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, तेच ओमेगा-३. पण वर लिहिलेलं कोटीपोट आठवा. तिथले जिवाणू या आम्लाला सगळ्यात आधी पकडतात आणि त्याचा बहुतेक भाग हायड्रोजन जोडून बदलून टाकतात. तुम्ही जितकं घालाल त्यातलं थोडंसंच दुधात पोचतं. दुधाच्या एकूण फॅटमध्ये त्याचा वाटा वाढतो हे खरं, दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो. पण मुळात तो अर्ध्या-एक टक्क्याचा. त्याची दुप्पट करून जे होतं, त्याहून जास्त ओमेगा-३ तुमच्या घरच्या जवसाच्या चटणीच्या एका चमच्यात आहे. गिऱ्हाईक विश्वासानं जास्त पैसे मोजणार असेल, तर आपण त्याला प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल दाखवू शकलो पाहिजे. तो हातात नसताना बाटलीवर काही लिहिणं मला पटत नाही.

जवसानं दुसरी एक चांगली गोष्ट मात्र होते, तिच्याबद्दल सल्लागार बोलला नसेल. हायड्रोजन जोडण्याच्या सरळ वाटेवर व्हॅक्सेनिक नावाचं आम्ल तयार होतं. कास त्याच्यापासून रुमेनिक आम्ल बनवते. माणसाच्या तब्येतीसाठी ज्याच्यावर बराच अभ्यास चालू आहे, ते हेच. करडई आणि सूर्यफुलासारख्या लिनोलिक आम्लानं भरलेल्या तेलांनी तर ते आणखी वाढतं. सोबत लॉरिक, मिरिस्टिक, पामिटिक या आम्लांचा वाटा उतरतो. म्हणजे फॅटचा आकडा थोडासाच हलला तरी आतली फॅट बदललेली असते. दूध तपासणाऱ्या यंत्रावर हे दिसणार नाही.

जवस द्यायचाच असेल तर शेळीला रोज ५० ते ७० ग्रॅम, भरडून, आणि भरडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवून. भरडलेला जवस हवेला लागून लवकर खवट होतो. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटकही असतात. हलका भाजून दिला तर तो धोका बराच कमी होतो. जवस भरडून पाण्यात भिजत ठेवायची काही घरांत पद्धत आहे, ती शेळीसाठी नको. त्या ओलाव्यातच ते सायनाइड सुटतं.

प्रश्न : माझं वडापावचं दुकान आहे, मागे सात शेळ्या. रोज दीड-दोन लिटर तळून उरलेलं तेल फेकावं लागतं. ते शेळ्यांना चालेल का?
— एक वाचक, नारायणगाव

उत्तर : नाही. थोडंसुद्धा नाही.

पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात जे पदार्थ तयार होतात, ते कोटीपोटातल्या जिवाणूंना आणि शेळीच्या यकृताला दोन्हींना घातक असतात, आणि त्यातले काही दुधातूनही तुमच्याच घरी येतील. शिवाय त्यात मीठ आणि जळका बेसन असतो. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करून नेणारे लोक आता बऱ्याच शहरांत आहेत, त्यांना द्या. सात शेळ्यांना मिळून रोज फार तर पाव लिटर चांगलं तेल पुरतं, आणि तेही दुधात असलेल्यांनाच. तुमच्या सातांपैकी दुधात किती आहेत आणि त्यांना सध्या चारा कोणता आहे, ते कळवा. त्यानंतर तेल घालायचं की नाही ते ठरवू.